ढब्बूच्या पातेल्यातलं मीठ

बस डेपोच्या फाटकासमोर त्यांची छोटी खानावळ होती. गल्ल्यावर आई, टेबलांवर वाढायला मामा, मागच्या दाराशी भाज्या चिरायला एक मावशी आणि शेगडीपाशी ढब्बू. ढब्बू हे काही तिचं खरं नाव नव्हे. बाळपणीचे गाल बघून मामानं ते ठेवलं आणि ते असं चिकटलं की शाळेत हजेरीला खरं नाव पुकारलं की ती स्वतःच इकडेतिकडे बघायची.

वडील गेल्यावर शेगडी आपसूक तिच्याकडे आली. आईला हिशोब जमायचा, स्वयंपाक बेताचा. ढब्बूच्या हाताला मात्र चव होती. तिची पद्धत ठरलेली. पळीतला एक थेंब डाव्या तळहातावर घ्यायचा, एक डोळा मिटून चाटायचा आणि मग चिमटीनं मीठ टाकायचं. पातेलं उतरेपर्यंत दुसऱ्या कुणी चव बघायची नाही. "माझ्या पातेल्यात दुसऱ्याची जीभ नको," असं ती बजावायची आणि सगळे निमूटपणे ऐकायचे. तिच्या टोमॅटोच्या सूपसाठी डेपोतले कंडक्टर काका सुट्टीच्या दिवशीही यायचे. "घरी बायकोला सांगितलंय, डबल ड्यूटी आहे," म्हणायचे.

मग गुडघे बोलायला लागले. साखर वाढली. कोठीतलं बटाट्याचं पोतं ओढताना तिला धाप लागायची आणि ती ते हसण्यावारी न्यायची. डॉक्टरांनी पोट लहान करायचं ऑपरेशन सुचवलं, तेव्हा आईनं चार दिवस अबोला धरला.

"कमी खाल्लं की झालं. त्यासाठी पोट कशाला कापायचं?"

"कमी खाऊन मी किती वेळा उतरले आणि किती वेळा परत फुगले, सांग बघू. तुझा हिशोब चांगला आहे ना?"

आईला भीती होती, पण ती काही उत्तर म्हणून सांगता येत नाही.

ऑपरेशन नीट झालं. पातळ पदार्थ सुरू झाले तेव्हा आईनं घरून गाळलेलं सूप नेलं. ढब्बूनं एक चमचा घेतला आणि चमच्याकडे बघत राहिली. "हा गंजलाय का गं?" आईनं दुसरा चमचा दिला, मग शेजारच्या खाटेवरून तिसरा मागून आणला. गंज काही जाईना. दवाखान्यातल्या आहार सांगणाऱ्या बाई म्हणाल्या, असं पुष्कळांचं होतं, काहींची चव महिन्या-दोन महिन्यांत परत येते, काहींची जरा वेगळीच राहते. जे नको वाटतं त्याची जबरदस्ती करू नका, थोड्या दिवसांनी पुन्हा देऊन बघा.

आईनं त्यातलं 'पुन्हा देऊन बघा' तेवढंच नीट ऐकलं. तिला एकच पदार्थ मनापासून जमायचा, उकडलेलं अंडं लोण्यात परतून वर मिरपूड. ढब्बूला ताप आला, परीक्षा बुडाली, ठरलेलं लग्न मोडलं, दर वेळी तिनं तेच केलं होतं आणि दर वेळी पोरीनं बशी पुसून खाल्ली होती. आता ती बशी समोर येताच ढब्बू नाकाला पदर लावून खिडकीशी जाऊन उभी राहिली. आई बशी घेऊन परत स्वयंपाकघरात गेली आणि ते अंडं तिनं उभ्याउभ्या स्वतः खाल्लं. ते चांगलं झालं होतं, म्हणून तिला जास्तच वाईट वाटलं. दोन दिवसांनी तिनं पुन्हा केलं. त्याच्या दोन दिवसांनी पुन्हा.

ढब्बू शेगडीपाशी परतली ती निम्मी होऊन. गिऱ्हाइकं म्हणायची, "ताई, आता नाव बदला." ती हसायची. हात तोच, पळी तीच, तळहातावरचा थेंब, मिटलेला डोळा. फक्त चव बघितली की तिचे ओठ जरा आवळले जायचे, आणि ते गल्ल्यावरून आईला दिसायचं.

टेबलांवरच्या मिठाच्या बाटल्या लवकर रिकाम्या व्हायला लागल्या, तेव्हा आईला शंका आली. तिनं एका वाटीत बोट बुडवून बघितलं. सूप नुसतं आंबट लागत होतं, मिठाचा पत्ता नव्हता. हिला सांगायचं कसं? गुडघे गेले तरी ती डगमगली नव्हती. पण तिच्या हाताची चव गेली असं सांगितलं, तर ती परत त्या शेगडीपाशी उभी राहणार नाही, हे आईला पक्कं माहीत होतं. फोडणीचा वास सहन होत नाही म्हणून ढब्बू आपलं वाटीभर जेवण घेऊन मागच्या अंगणात जायची. चावून चावून, मध्ये पाण्याचा घोट न घेता, तिला वेळ लागायचा. तेवढ्यात आई आत जायची, मूठभर मीठ पातेल्यात सोडायची, ढवळायची आणि गल्ल्यावर येऊन सुट्टे पैसे मोजायला लागायची. बाटल्या पुन्हा भरलेल्या राहू लागल्या. आईला वाटलं, निभावलं.

एका मंगळवारी कंडक्टर काकांनी पहिला चमचा तोंडात घातला आणि तो तसाच धरून बसले. मग कसाबसा गिळला.

"काकू, आज समुद्रावरून पाणी आणलंत का?"

मागच्या टेबलावरच्यानं वाटी सरकवली. त्याच्या मागच्यानंही. मामा सगळ्या वाट्या गोळा करून आत आला. ढब्बू नुकतीच अंगणातून येत होती. तिनं वाट्यांकडे बघितलं, पातेल्याकडे बघितलं.

"मीठ कोणी टाकलं?"

आई म्हणाली, "मी. मूठभर."

"मूठभरानं असं होत नाही."

मामानं मान खाजवली. "मीपण जरासं. काल लोक पुन्हा मीठ मागत होते गं. म्हणून आज."

"जरासं म्हणजे?"

"डावभर."

मागच्या दाराशी मावशी गाजर सोलत होत्या. त्यांनी वर न बघताच सांगितलं, "मला काय माहीत तुम्ही दोघंही टाकता ते. मी आपली आज सकाळीच, बटाट्याबरोबर."

मामाला हसू आलं आणि ते त्यानं खोकून घालवलं. तिघांनी तिच्या मायेपोटी, एकमेकांना पत्ता लागू न देता, एकच पातेलं सांभाळलं होतं.

ढब्बूला हसू आलं नाही. "म्हणजे इतके दिवस मी नुसतीच ढवळत होते," ती म्हणाली आणि गॅस बंद करून बाहेर गेली.

अंगणात ती उपड्या क्रेटवर बसली होती. आईचा हात सवयीनं काहीतरी खायला न्यावं म्हणून फळीकडे गेला. तो तिनं मागे घेतला आणि रिकाम्या हातांनी जाऊन शेजारी टेकली.

"तुला कसं लागतं ते सगळं?" तिनं विचारलं. एवढ्या महिन्यांत तिनं 'का खात नाहीस' एवढंच विचारलं होतं.

"सूप म्हणजे नळाची तोटी चाटल्यासारखं. चिकन चावलं की भिजलेला कपडा. गोड घशाला टोचतं. आणि तुझं अंडं..." ती थांबली. "वासानंच उलटी येते गं. तू इतक्या प्रेमानं करतेस आणि मला उलटी येते. मी काय बोलू?"

आईनं मान हलवली. मग म्हणाली, "बरं काय लागतं?"

"थंड दही. काकडी."

"एवढंच?"

"सध्या एवढंच."

"काकडीला मला शेगडीसुद्धा लागत नाही," आई म्हणाली. ढब्बूच्या खांद्याला तिचा खांदा लागला होता, आणि लेकीच्या खांद्याचं हाड तिला टोचलं. ती सरकली नाही.

"मामाला शिकवते सूप," ढब्बू म्हणाली. "मी भाज्या चिरीन."

"मावशींना विचारलंस? त्या विळी सोडायच्या नाहीत."

दुसऱ्या दिवशी आई गल्ला उघडत होती, तेव्हा आतून हाक आली. ढब्बू शेगडीपाशी पळी धरून उभी होती. "हात पुढे कर."

"कशाला?"

"कर तर."

आईनं तळहात पुढे केला. त्यावर गरम थेंब पडला. आयुष्यभर नोटा मोजलेला हात, त्यावर पातेल्यातला थेंब पहिल्यांदाच पडत होता. तिनं चाटलं. लेक तिच्या तोंडाकडे बघत होती. जसं गेले कित्येक महिने ती लेकीच्या तोंडाकडे बघत होती, अगदी तसं.

"छान आहे," आई म्हणाली.

"छान म्हणू नकोस. काय आहे ते सांग."

आईनं डोळा मिटला, न शिकवताच एकच. "मीठ कमी. आणि मिरी कच्ची लागतेय."

ढब्बूनं चिमटी सोडली, ढवळलं, आच वाढवली. मग पुन्हा थेंब. तळहात जरा लाल झाला होता, पण आईनं तो मागे घेतला नाही.

"आता?"

"आता आहे."

ढब्बूनं पळी स्वतःच्या तळहातापर्यंत नेली, सवयीनं. मग ती तशीच कडेला ठेवली आणि पातेल्यावर झाकण घातलं.