चार ग्रॅम जास्त

वजनमाप खात्यात त्या निरीक्षक होत्या आणि बाजारात सगळे त्यांना काटेबाई म्हणत. तराजूंमुळे पडलेलं नाव. पण त्यांचं बोलणंही टोचतं, असं म्हणणारे होतेच. त्यांना त्याचं काही वाटत नसे. एकोणीस वर्षं त्यांनी दुकानोदुकानी काटे तपासले होते, बरोबर असतील त्यांवर शिक्का मारला होता, खोटे असतील ते उचलून नेले होते, आणि कुणाच्या गल्ल्यामागे बसून घोटभर चहाही घेतला नव्हता.

त्यांच्या मुलाच्या शाळेत दरवर्षी लाकडी गाड्यांची शर्यत असायची. मुलांनी आईबापांना हाताशी धरून वीतभर गाडी बनवायची आणि उतरत्या फळीवरून सोडून द्यायची. इंजिन नाही, धक्का नाही. गाडी जड असेल तर जोरात पळते, म्हणून जो तो ठोकळ्याच्या पोटात शिसं भरून वजन मर्यादेला भिडवायचा. मर्यादा दीडशे ग्रॅमची. वजन करायचा मान काटेबाईंचा. ऑफिसचा छोटा काटा त्या साहेबांना विचारून आणत, आणि सुरुवात करण्याआधी शंभर ग्रॅमचं पितळी वजन त्यावर ठेवून सगळ्यांना दाखवत. "बघून घ्या. नंतर कुरकुर नको."

त्या वर्षी त्यांचा मुलगा पहिल्यांदा शर्यतीत होता. महिनाभर मायलेक गॅलरीत बसून पॉलिशपेपर घासत होते. आदल्या संध्याकाळी बाईंनी त्याची गाडी घरीच ऑफिसच्या काट्यावर ठेवली. एकशे एकोणपन्नास पॉइंट आठ. कागदावर आकडा लिहून टाकला, म्हणजे सकाळी तेवढीच घाई कमी.

सकाळी निघताना पोरानं इतका तगादा लावला की स्कूटरच्या हुकाला घाईत अडकवलेली काट्याची पिशवी वळणावर निसटून रस्त्यावर पडली. बाईंनी काटा बाहेर काढून पाहिला. तडा नाही, आकडे दिसतायत. मैदानावर पोचल्या तर रांग लागलेली, आणि मुलगा हाका मारतोय की पुढचं चाक अडकतंय. त्यांनी चाक मोकळं करून दिलं, धावत टेबलापाशी आल्या आणि थेट पहिली गाडी काट्यावर ठेवली. पितळी वजन पर्समध्येच राहिलं.

बऱ्याच गाड्या जास्त भरल्या. आईबाप हसतहसत म्हणाले, घरचा काटा कुठे इतका बरोबर असतो, आणि शिसं कोरायला लागले. वाद घातला एकाच मुलीनं. पाचवीतली असेल, हिरवी गाडी, वडील सोफे शिवणारे.

"एकशे चोपन्न. चार ग्रॅम कमी कर," बाई म्हणाल्या.

"नाही, बरोबर दीडशे आहे. मी सराफाच्या दुकानात जाऊन मोजलीये."

"सराफाचं मला नको सांगूस. पुढचा."

"पण त्यांनी दोनदा मोजली."

वडील ओशाळले. रांगेतले लोक बघत होते. "बाईंचा सरकारी काटा खोटा, आणि तू खरी?" ते मोठ्यानं म्हणाले. "गेलीच नसशील सराफाकडे. खोटं बोलायचं आणि वर तोंड करायचं." त्यांनी कुणाचं तरी ड्रिल मागून आणलं आणि घाईघाईत शिसं काढताना मागच्या चाकांच्या दांडीजवळचं लाकूड चिरलं. दुसऱ्याच फेरीत हिरवी गाडी तिरकी गेली आणि कडेच्या पट्टीवर आपटून थांबली. काटेबाईंच्या मुलाला कप मिळाला.

सोमवारी ऑफिसातून बाजारात निघण्याआधी बाईंनी सवयीनं पितळी वजन काट्यावर ठेवलं. एकशे तीन. काढून परत ठेवलं. एकशे तीन. शंभराला तीन, म्हणजे दीडशेला चार-साडेचार. त्या खुर्चीत बसल्या. बऱ्याच गाड्या त्यांनी उगाच हलक्या करायला लावल्या होत्या, आणि पूर्ण वजनानं पळाली ती एकच गाडी, जी मैदानावर काट्यावर चढलीच नव्हती. शिपायानं विचारलं, "बाई, पाणी आणू?" तेव्हा कुठे त्या भानावर आल्या.

घरी मुलाला सांगितलं. तो कपावर आपलं नाव चिकटवत होता.

"तू कुणाला सांगितलंस?"

"अजून नाही."

"मग नको ना सांगूस. मी थोडीच चीटिंग केली?"

"तू नाही केलीस."

"मग?"

फोनवर खेळाच्या सरांनीही तेच सुचवलं. "झालं गेलं, बाई. पोरांची गंमत होती. उगाच काट्याचा नायटा कशाला करता?"

दुसऱ्या दिवशी त्या सोफेवाल्याच्या दुकानात गेल्या. फोमच्या चुऱ्यात बसून तो तोंडात बारीक खिळे धरून कापड ठोकत होता. मुलगी अर्धवट शिवलेल्या सोफ्यावर गणितं सोडवत होती.

"दादा, तुमच्या मुलीची गाडी बरोबर होती. माझा काटा चुकला. पिशवी पडली होती, आणि मी न तपासता वजन करायला बसले."

त्यानं तोंडातले खिळे एकेक करून हातावर काढले. "म्हणजे ही सराफाकडे गेली होती?"

"गेली असणार. त्याच्या काट्यावर शिक्का माझाच आहे. मी तेव्हाच ऐकायला हवं होतं."

मुलीनं वहीतून डोकं वर केलं. "सगळ्यांचं वजन चुकलं?"

"सगळ्यांचं."

"तुमच्या मुलाचं पण?"

"त्याची गाडी मी घरी मोजली होती. त्याचं सोडून."

मुलगी परत वहीत बघायला लागली.

"तू म्हणशील तर शर्यत परत घ्यायला लावते," बाई म्हणाल्या.

"गाडी नाहीये आता."

"नवी करू की आपण दोघं," वडील घाईनं म्हणाले. "आजच ठोकळा आणतो."

"नको." ती पेन्सिलीला टोक करायला लागली.

बाई पायरी उतरल्या तेव्हा तो मागोमाग बाहेर आला. हातातले खिळे तसेच होते. "तुम्ही चूक सांगून मोकळ्या झालात, बाई. अख्ख्या मैदानात मी तिला खोटारडी म्हणालो. मी कुठे जाऊ?"

बाई खाली मान घालून निघाल्या.

मोकळ्या मात्र त्याही झाल्या नाहीत. त्यांनी शाळेला लेखी कळवलं आणि पत्राची प्रत प्रत्येक पालकाला द्यायला लावली. निम्म्यांनी कौतुक केलं. उरलेल्यांनी म्हटलं, पोराला कप मिळाल्यावर बरी जाग आली. कप सरांच्या कपाटात परत गेला. शर्यत पुन्हा झाली नाही. मुलगा आठ दिवस आईशी बोलला नाही, आणि नवव्या दिवशी बोलला तो प्रगतिपुस्तकावर सही हवी म्हणून.

पुढच्या वर्षी वजनाच्या टेबलाशी दुसरं कुणी होतं. सोफेवाल्याच्या मुलीचं नाव यादीत नव्हतं. काटेबाईंच्या मुलानं शेजारच्या मित्राबरोबर त्याच्या घरी गाडी केली, आईला दाखवलीसुद्धा नाही. बाई मागच्या रांगेत जाऊन बसल्या. त्याची गाडी पाचवी आली. तो मित्राच्या खांद्यावर हात टाकून खो खो हसत होता, आणि कितीतरी दिवसांनी तो असा हसताना दिसला म्हणून त्या शेवटची फेरी संपेपर्यंत तिथून हलल्या नाहीत.