खेळतोय का हा?

माझा नवरा बंगळूरजवळ बोम्मसंद्र्यातल्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे आणि बरीच वर्षं तिथल्या व्हॉलीबॉल टीममध्ये खेळत होता. मी कधी बघायला गेले नव्हते. मागच्या वर्षी शेजारच्या कारखान्याशी फायनल होती तेव्हा गेले, ती काळजीपोटी. महिनाभर त्याचा उजवा खांदा दुखत होता. शर्ट घालताना आधी तो हात बाहीत सरकवायचा, मग दुसरा. टीममध्ये कुणाच्या कानावर जाता कामा नये, असं त्यानं मला बजावलं होतं.

रविवारची दुपार होती. जे. पी. नगरहून बस बदलत पोचेपर्यंत पहिला सेट संपत आला होता. आमच्या कारखान्याचे लोक बसले होते त्या पायऱ्यांवर मी जागा धरली. तिथं मला कुणी ओळखत नव्हतं.

नवरा सर्व्हिसला आला. बॉल नेटमध्ये. पुढच्या वेळी पुन्हा नेटमध्ये. माझ्या पुढच्या पायरीवर कारखान्याचा निळा शर्ट घातलेला एक मिशीवाला बसला होता. हा आता म्हातारा झालाय, जुना आहे म्हणून ठेवलाय टीममध्ये, असं तो शेजाऱ्याला कानडीत सांगू लागला. शेजाऱ्याचं म्हणणं होतं की हा मनापासून खेळतच नाही. थोड्या वेळानं समोरच्या टीममधल्या एकाची सर्व्हिस तशीच नेटमध्ये गेली. तेव्हा हाच मिशीवाला हळहळला. ‘‘पाप, दमलाय तो,’’ म्हणाला. पाप म्हणजे आमच्या इथल्या बोलीत बिचारा.

मी पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत बसले होते. खांद्याचं सांगून टाकावं असं सारखं वाटत होतं, पण शब्द दिला होता. आणि खरं सांगायचं तर मीही त्याच्यावर चिडायला लागले होते. हात पूर्ण का फिरवत नाही हा? उडी का मारत नाही? का ते त्या सगळ्या गर्दीत मला एकटीलाच माहीत होतं, तरी चिडत होते. प्रत्येक पॉइंटला वाटायचं, बॉल याच्याकडे येऊ नये.

दुसऱ्या सेटमध्ये त्याच्या हातून एक सोपा बॉल सुटला. मिशीवाला वैतागून मागं वळला. ‘‘अक्का, तुम्हीच सांगा, खेळतोय का हा?’’

‘‘नाही,’’ मी म्हणाले. ‘‘आज नाही खेळत.’’

बोलून गेले आणि नजर कोर्टकडे वळवली. त्या क्षणी मी त्याची कुणी लागते हे कुणाला कळू नये, एवढंच मला हवं होतं. पुढच्याच पॉइंटनंतर त्याला बाहेर बसवलं. आमची टीम हरली.

लोक उठल्यावर मी खाली गेले, तर मिशीवाला माझ्या आधीच त्याच्यापाशी पोचला होता. त्यानं नवऱ्याची बॅग स्वतःच्या खांद्यावर घेतली होती. नवऱ्यानं ओळख करून दिली, ही माझी बायको. मिशीवाल्यानं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

‘‘आधी सांगायचं ना, अक्का,’’ तो म्हणाला. ‘‘समोरचा चुकला तर माझं काय जातं? हा रोज कामावर माझ्या शेजारी उभा राहतो. हा सर्व्हिसला आला की मलाच सर्व्हिस करायची असल्यासारखं होतं. मग तोंडाला येईल ते बोलतो.’’

मी काय म्हणाले होते, ते त्यानं नवऱ्यापुढे काढलं नाही. मी मात्र वाट बघत होते, आता सांगेल, आता सांगेल.

घरी जाताना नवऱ्याची स्कूटर मी चालवली. होसूर रोडवर गाड्या खोळंबल्या होत्या. शेवटी मला राहवेना.

‘‘तू खेळतोयस का असं त्यानं मला विचारलं होतं. मी नाही म्हणाले.’’

हेल्मेटमुळे ऐकू गेलं नसेल असं वाटलं. पुढच्या सिग्नलला तो म्हणाला, ‘‘खोटं नव्हतं ते.’’

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी खेळ बंद करायला सांगितला. टीमला त्यानं स्वतःच कळवलं. मिशीवाला दोनदा घरी येऊन गेला, दोन्ही वेळा त्या दोघांच्या गप्पा रंगल्या. माझं बोलणं नवऱ्याला किती लागलं, हे मात्र मला अजून त्याला विचारवत नाही.