सेनादाने त्याला बोलतं केलं

सेनादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. तिची मुलगी एवढंच म्हणाली, "आंटी, ममा पास्ड अवे." पिठाचे हात तसेच धरून मी उभी... आणि माझ्या तोंडून काय निघावं? "बट द हिअरिंग?" अहो, आई गेलेल्या मुलीला असं कोणी विचारतं का? पण ती रागावली नाही. "आय नो, आंटी," म्हणाली आणि मग रडायला लागली.

सेनादा आमची इथली, कॅनडातल्या केंब्रिजची शेजारीण, मूळची बोस्नियाची. माझा मुलगा इथे गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर, त्याच्यामागे आम्ही आलो. ती घरी कपडे अल्टर करून द्यायची. माझी नऊवारी पाहून तिने आधी विचारलं, "शिवण कुठेय?" नाहीच म्हटल्यावर मला गोल फिरवून बघितलं आणि म्हणाली, "मग माझं पोट कसं भरायचं?" आम्हा दोघींचं इंग्रजी टीव्हीपुढे बसून शिकलेलं, म्हणून तर जमलं. तिच्या नवऱ्याबद्दल मात्र मला एवढंच ठाऊक होतं. तिकडच्या लढाईत गावातल्या पुरुषांना पोलिसांनी शाळेत नेलं, त्यात तो होता, परत आला नाही. मी पुढे विचारलं नाही.

आमचा गणपती एका कम्युनिटी हॉलमध्ये बसायचा. तिथला केअरटेकर साठीतला, गोरा, फार अदबीचा. बूट काढून आत यायचा, म्हाताऱ्यांना खुर्च्या आणून द्यायचा, मला "आंटीजी" म्हणायचा. एकदा तुम्ही कुठले विचारलं तर म्हणाला, बोस्निया. मला कोण आनंद! आपल्या लोकांना सवयच असते ना, परमुलखात गाववाला सापडला की लगेच दोघांची गाठ घालून द्यायची. एका देशाचे म्हणजे एकमेकांचेच, एवढीच माझी समज. रविवारी त्याला घरी बोलावलं आणि सेनादालाही हाक मारली, "ये, तुमच्याकडचाच माणूस आलाय!"

ती स्वयंपाकघराच्या दारात आली आणि थांबली. त्याने उठून हात पुढे केला. त्याने तिला ओळखलं नव्हतं. ती माझ्याशेजारी बसली, शिऱ्याची बशी माझ्याकडून घेतली, त्यांच्या भाषेत गावाचं नाव विचारलं. मग एकदम इंग्रजीवर आली. मला नवल वाटलं, आपल्या भाषेचा माणूस समोर असताना ही इंग्रजी का बोलतेय? "तुमच्या गावात एक डेंटिस्ट होते," ती म्हणाली, "त्यांचं काय झालं?" त्याचा चेहरा खुलला. "मी वाचवलं त्यांना! शाळेच्या फाटकात रांगेत उभे होते. माझ्या पोरांना म्हटलं, याला सोडा. लगेच सोडलं." मी तर भाबडी, म्हटलं, "देव तुमचं भलं करो," आणि त्याच्या बशीत आणखी शिरा वाढला.

तो गेल्यावर सेनादा सिंकपाशी जाऊन भडाभडा ओकली. मग तोंड पुसून म्हणाली, "तो आमच्या गावचा पोलीसप्रमुख. डेंटिस्टच्या मागे माझा नवरा उभा होता. मी रस्त्यापलीकडून बघत होते. तू ऐकलंस ना? म्हणूनच इंग्रजीत विचारलं. एका शब्दावर सोडलं. तो शब्द त्याच्याकडे दिवसभर होता." ज्या हातांनी आमच्या गणपतीचं मखर उचललं... मी खाली फरशीवरच बसले.

तिने इथल्या सरकारकडे त्याची तक्रार केली. चौकशीला वर्षं लागली. त्याचं म्हणणं ठरलेलं: हुकूम सैन्याचे होते, मी नुसता नावाला खुर्चीवर, हाताखालची पोरं माझं ऐकत नव्हती. आणि सुनावणीच्या तोंडावर सेनादा गेली. सरकारी वकीलबाईंचा मला फोन आला, "तो बोलला तेव्हा तुम्ही तिथे होतात. साक्षीला याल?"

मुलगा म्हणाला, "आई, प्लीज, यात पडू नकोस. वी डोन्ट नो देअर पॉलिटिक्स."

"पॉलिटिक्स मला नाही कळत रे. माझ्या ओट्यासमोर बसून माणूस काय बोलला ते कळतं."

गेले. तो समोरच बसला होता. मला बघून हात जोडले. मी सांगत गेले, डेंटिस्ट, फाटक, रांग... आणि त्याचा चेहरा उजळत गेला. त्याला वाटलं, मी त्याच्या चांगुलपणाची साक्ष द्यायला आलेय! त्याचा वकील बाही ओढत होता, तरी तो बोललाच, "येस, येस. आय सेड लीव्ह हिम, अँड दे लेफ्ट हिम." वकीलबाईंनी ते वाक्य लिहून घेतलं. बाहेर पडताना मला म्हणाला, "थँक यू, आंटीजी." पोरं आपलं ऐकत होती हे आपणच सांगून बसलो, हे त्याला तेव्हाही कळलं नव्हतं.

निकाल लागायचाय. त्या दिवशी घरी आले तर बर्फ पडून थांबला होता. आमच्या दोघींच्या मागच्या दारांमधली वाट सेनादाच बर्फ उपसून मोकळी करायची, माझी कंबर दुखते म्हणून माझ्या वाटणीचीही. ती गेल्यापासून वाट बुजली होती. मी कोटही काढला नाही, फावडं घेतलं. मुलगा दारातून ओरडला, "आई, देअर इज नोबडी देअर!" मी थांबत थांबत तिच्या दारापर्यंत गेले आणि मराठीतच म्हटलं, "सेनादा, त्याने आपल्या तोंडाने सांगितलं गं."