ह्यांच्या नावाचे

मी भित्री आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की बाई मोठी वाघीण होती. पालीला मी भिते, पोलिसाला भिते, आणि त्या काळात तर साहेबांच्या खोलीबाहेरच्या लाल दिव्यालासुद्धा भीत असे.

देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. मुंबईत समाजकार्याचं शिक्षण घेऊन मी पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात महिला कल्याण अधिकारी म्हणून रुजू झाले. हुद्दा हातभर लांब, खोली वीतभर. आजूबाजूला माळ, ज्वारीची शेतं, रेल्वेचं फाटक आणि मधेच उगवलेली आमची पत्र्याच्या डब्यांची फॅक्टरी. कामगारांच्या चाळींच्या टोकाला कंपनीनं एक सल्ला केंद्र उघडलं होतं. समुपदेशन हा शब्द तेव्हा आमच्याकडे पोचला नव्हता. बायका त्याला ‘मन मोकळं करायची खोली’ म्हणत. तिथे दोन मास्तर होते. एक प्रौढांना अक्षरं शिकवत. दुसरे मानसशास्त्र शिकलेले, ते लोकांची गाऱ्हाणी ऐकत. त्या खोलीत सगळं रीतीनं चाललंय ना हे पाहायचं, आणि तक्रार आली तर ती साहेबांपुढे न्यायची, हे माझं काम.

मी दोनच नियम केले होते. ऐकलेलं खोलीबाहेर न्यायचं नाही. आणि दार लोटायचं, कडी लावायची नाही.

दुसरा नियम ऐकून गाऱ्हाणीवाले मास्तर हसले होते. “बाई, माणसांवर विश्वास ठेवायला शिका,” म्हणाले. पन्नाशीचे गृहस्थ, स्वच्छ धोतर, मऊ आवाज. मला त्यांच्याकडे पाहून माझ्या वडिलांची आठवण व्हायची.

आणि एका दुपारी ती आली. चाकणजवळच्या खेड्यातली, शेतकऱ्याची लेक, माझ्याच वयाची. नवरा आमच्या पॅकिंग खात्यात हंगामी होता. त्याला कायम करायची बोलणी चालू होती. ती खुर्चीवर बसेना, भिंतीला टेकून उभी राहिली आणि पदराचं टोक पिळत राहिली.

“त्यांनी कडी लावली, बाई.”

“कुणी?”

“ह्यांच्या नावाच्यांनी.”

दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, मला कळलं. माझ्या आत्याच्या यजमानांचं नाव एका वारावरून होतं, त्यामुळे आत्याचा आठवडा जन्मभर सहाच दिवसांचा होता. हिच्या नवऱ्याचं आणि गाऱ्हाणी ऐकणाऱ्या मास्तरांचं नाव एकच. अक्षरं शिकवणाऱ्यांचं वेगळं. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, म्हणून मास्तरांचंही नाव तिच्या तोंडून निघणार नव्हतं.

बाकीचं तिनं तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी नवऱ्याचं डोकं बिघडलं, काही महिने येरवड्याच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवावं लागलं. आता तो बरा होता, पण कामावर कुणाला हे माहीत नव्हतं. रात्री त्याची झोप उडाली की हिच्या पोटात गोळा यायचा, म्हणून ती मास्तरांकडे गेली होती. दोनदा त्यांनी नीट ऐकलं. तिसऱ्यांदा कडी लावून मनगट धरलं.

“म्हणलं, येरवड्याचं कुणाला सांगत न्हाई. पण तू येत ऱ्हा.”

तू येत ऱ्हा. हे शब्द ऐकून माझ्या अंगावर काटा आला. मी तिला पाणी दिलं.

तक्रार करायची तर येरवडं बाहेर येऊन नवऱ्याची नोकरी जाणार, न करावी तर तिला त्या खोलीत जात राहावं लागणार. इकडे आड, तिकडे विहीर. ती म्हणाली, “करा तक्रार. पर येरवड्याचं बोलू नगा.” मी कबूल झाले, आणि कागदावर कडी, मनगट आणि खोलीतलं बाहेर सांगायची धमकी एवढंच लिहिलं. त्यानंतर मास्तर मला व्हरांड्यात भेटले. तोच मऊ आवाज. “बाई, तुमची नोकरी नवी आहे. अडाणी बायकांच्या नादाला लागू नका.” मी मान खाली घालून तशीच पुढे सटकले. बोलायला तोंडात ओल हवी ना.

चौकशीला आम्ही तिघं होतो. साहेब, कंपनीचे डॉक्टर आणि मी. साहेब परप्रांतातले, मराठी कामापुरतं. माणूस वाईट नव्हता, पण कायद्याचा कीस काढणारा. डॉक्टर मास्तरांबरोबर रोज संध्याकाळी पत्ते खेळत, त्यामुळे ते सबंध वेळ खिडकीबाहेर बघत होते. मास्तर बाहेर व्हरांड्यात होते. त्यांच्या वहाणांची करकर आत ऐकू येत होती, आणि ती जवळ आली की हिचा आवाज बसायचा.

“कडी कुणी लावली?” साहेबांनी विचारलं.

“ह्यांच्या नावाच्यांनी.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “हस्बंड? मग हे घरचं भांडण आहे. घरी मिटवा.”

“न्हाई न्हाई! ह्यांनी न्हाई. ह्यांच्या नावाच्यांनी!”

मी धावत मधे पडले, रीत समजावून सांगितली. साहेबांनी शांतपणे ऐकलं. “तिथे दोन मास्तर आहेत. एकाची नोकरी घालवायची तर नाव तिच्या तोंडून आलं पाहिजे. तुम्ही नाव पुरवायचं नाही. नाव नाही तर तक्रार नाही, उद्यापासून दोघंही कामावर.”

राग आला, पण म्हणणं चुकीचं नव्हतं. नाव मी पुरवलं असतं तर मास्तर उद्या तेच धरून बसले असते. मी तिच्याकडे वळले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी आग्रह केला तेव्हा तिनं लाजत लाजत उखाण्यात नाव घेतलं होतं. उखाण्यात चालतं.

“अगं, उखाण्यात घे,” मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी शरमले.

“उखाणा ह्यांचा हाय, बाई. त्या माणसाला उखाणा?”

 तिनं एका हातानं मंगळसूत्र घट्ट धरलं होतं. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं असं तिला लहानपणापासून सांगितलेलं. त्यात नवरा आजारी पडला तेव्हा सासूनं तिलाच बोल लावला होता, तूच कधी नाव घेतलं असशील म्हणून. आम्ही शिकलीसवरलेली तिघं तिच्याकडे चार अक्षरं मागत होतो, आणि तिच्या हिशेबी तो नवऱ्याचा जीव होता. बाहेर वहाणा करकरल्या. मला वाटलं, संपलं. उद्या ही बाई परत त्या दारात उभी राहणार, आणि कडी काढायला कुणी नसणार. 

तिनं डोळे मिटले आणि नाव घेतलं. उघडं नाव, पुढेमागे राव नाही, पंत नाही. मग लगेच स्वतःच्या थोबाडीत मारून घेतल्या.

साहेबांनी मास्तरांना आत बोलावलं. ते हसत आले. “साहेब, या बाईच्या घरची एक गोष्ट मला ठाऊक आहे. सांगू?”

मी खुर्चीतून अर्धी उठले. पण साहेबच म्हणाले, “खोलीत ऐकलेली?”

“अर्थात.”

“मग तोंड उघडू नका. बाहेर सांगायला निघालात, म्हणजे धमकीचं या बाईंचं म्हणणं खरंच दिसतं.” त्यांनी केंद्राची किल्ली टेबलावर ठेवायला लावली. त्या क्षणापुरता लाल दिवा मला आवडला.

मी तिला सांगायला वळले तर ती खोलीत नव्हती. भोंगा व्हायच्या आधीच गेटकडे धावत सुटली होती. मीही मागोमाग धावले. भोंगा झाला, माणसं डबे हलवत बाहेर पडू लागली. तो दिसेना. घोळके विरळ होत गेले, फाटकाकडच्या सायकली निघून गेल्या, तरी तो दिसेना. तिनं माझा दंड इतका घट्ट धरला की बोटं उमटली. पदवी घेतलेली मी, असल्या गोष्टींवर हसणारी, आणि मनात एकच चाललं होतं: देवा, येऊ दे रे त्याला.

तो सगळ्यांत शेवटी आला, ओले हात सदऱ्याला पुसत. आम्हाला बघून दचकला.

“काय गं? काय झालं?”

“काय न्हाई. तुमास्नी हाक मारली हुती मगाशी.”

“मला न्हाई ऐकू आली.”

“बरं झालं,” ती म्हणाली, आणि तिथंच मातीत बसून रडायला लागली.