टांझानियाला जाण्याआधी आईला हवी असलेली माहिती

इंग्लंडमधल्या रीडिंगच्या हॉस्पिटलात नर्स असलेल्या, मूळच्या दार-ए-सलामच्या मुलाशी ताईनं लग्न ठरवलं. लग्न तिकडे टांझानियातच. नागपूरहून आमच्याकडे राहायला आलेली आई म्हणाली, मी यायची नाही. तिकडेही आपल्याकडचे लोक दुकानं टाकून बसलेत म्हणे, आडनाव विचारतील. या वयात विमानात बसून अपमान करून घ्यायला जाऊ का?

आणि आईशिवाय ताई लग्न करणार नव्हती.

मला पत्रकं लिहायची सवय. आईसाठी दोन पानं खरडली. राजधानी डोडोमा, भाषा स्वाहिली, पैसे शिलिंगमध्ये, मलेरियाच्या गोळ्या घ्याव्यात. घड्याळ सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे आपले सकाळचे सात तो त्यांचा एक. खाली तिथं राज्य करून गेलेल्या जर्मनांना आणि इंग्रजांना शिव्या. सिंह बघून, माणसं न बघता परतणाऱ्या टुरिस्टांनाही. त्यातलं एकही वाक्य मी आजही मागे घेणार नाही.

आईनं सगळं वाचलं. "दारात गेल्यावर काय म्हणायचं, ते कुठंय?"

होणाऱ्या भाऊजींना विचारलं. वयानं मोठं माणूस असेल तर 'शिकामो' म्हणायचं. अर्थ? जुने लोक सांगतात, तुमचे पाय धरतो.

मी भडकले. पाय धरणं आम्ही सोडलंय, आणि का सोडलंय तेही ऐकवलं. ते निमूट ऐकून म्हणाले, वाकत कुणीच नाही. पण त्यावर मोठ्यांनाही उलट 'मरहबा' म्हणावंच लागतं, समोरचा कुणाचा कोण हे न विचारता.

आई म्हणाली, "तुमच्या आईंना फोन लावा."

फोन स्पीकरवर होता. आई आधी "जय भीम" म्हणाली. भाऊजींनी स्वाहिलीत समजावलं: हे लहानमोठे सगळे एकमेकांना म्हणतात. मग पलीकडून तुकड्यातुकड्यानं, दोनदा चुकून, "जय भीम" आलं.

त्या आईपेक्षा मोठ्या. आई म्हणाली, "शिकामो."

"मरहबा," आणि खळखळून हसणं. मग भाऊजींमार्फत प्रश्न सुरू झाले: गुडघे कसे आहेत, भात चालतो ना, मुलगी माझ्या मुलावर ओरडते का. आडनाव नाही विचारलं.

कधी न पाहिलेल्या माणसांसाठी त्या बाईनं जीभ वळवून घेतली. मी कुणाचे आभार सहसा मानत नाही, त्यांचे मानते.

फोन ठेवून आई ताईला म्हणाली, "माझंही तिकीट काढ. आणि भात तिकडे मी करीन, सांग त्यांना."