सगळ्यांना बसणारा कोट

कारखाना बंद झाला आणि पंचेचाळिशी उलटल्यावर पुन्हा नोकरी शोधायची वेळ आली. रेझ्युमेवर फोटो हवा म्हणून कोपऱ्यावरच्या स्टुडिओत गेले. माझ्या आधी एक मुलगी होती. फोटोवाल्याने कॉम्प्युटरवर तिच्या मानेखाली काळा कोट चिकटवला. मग माझा नंबर लागला. साडीच्या पदरावर तोच कोट, तीच पांढरी कॉलर. मानेच्या वर तेवढी मी होते.

"बघा ताई, एकदम मॅनेजर!"

"मघाची मुलगीही मॅनेजरच झाली का?"

"कोट एकच आहे ना ताई. सगळ्यांना बसतो."

हसू आलं नाही, वाईटही वाटलं नाही. भाचीने लिहून दिलेला रेझ्युमे पिशवीत होता. मेहनती, जबाबदार, सर्वांशी मिळून काम करणारी. हे शब्दही सगळ्यांनाच बसतात. इतकी वर्षं मी ट्रकवाल्यांशी भांडून माल वेळेवर पाठवला, ते मात्र त्यात नव्हतं. "मावशी, भांडण कोणी लिहितं का गं?" असं भाची म्हणाली होती.

"आवडत नसेल तर कोट काढतो," फोटोवाला म्हणाला.

"राहू दे. आधी मुलाखतीला बोलावू तर देत. जाईन ती साडीतच."