गच्चीवरचा रक्तदाब

आमच्या दिवेआगरच्या घरात मोबाईलला रेंज मिळते ती फक्त गच्चीवर, सुपारी वाळत घालतो त्या कोपऱ्यात. खाली वाडीतल्या झाडांच्या दाटीत आवाज तुटतो, चित्र गोठते. राहायला येणाऱ्या पाहुण्यांना खोलीच्या चावीबरोबरच आम्ही हे सांगून टाकतो. म्हणून यांच्या रक्तदाबासाठी डॉक्टरांची ऑनलाइन भेट ठरली, तेव्हा रक्तदाब मोजण्याचे यंत्र वर गेले आणि त्यामागोमाग लोखंडी शिडी चढून हेही.

डॉक्टरीणबाई मुंबईच्या, वयाने आमच्या मुलीएवढ्या. "काका, आत्ताच मोजून सांगा," त्या म्हणाल्या. यांनी इस्त्रीच्या सदऱ्याची बाही वर सारली, मी पट्टा बांधला आणि आलेला आकडा वाचून दाखवला. माझे बोलणे तेवढेच. चालू गोळीची मात्रा दुप्पट झाली. चिठ्ठी फोनवर आली आणि जवळच्या बोर्लीतल्या औषधांच्या दुकानातून नव्या गोळ्याही आल्या, रोज संध्याकाळी घ्यायच्या.

दोन-तीन दिवसांनी सकाळी विहिरीवरून येताना यांनी एकाएकी पोफळीला हात टेकला.

"काही नाही गं, जरा गरगरलं."

त्यानंतर मला एका जागी बसवेना. गॅस लावला, बंद केला, पुन्हा लावला. अंगणात गेले, परत आले. शेवटी हाताला काम हवे म्हणून सुपारीची टोपली घेऊन गच्चीवर चढले. वर पोचले तर छाती धडधडत होती. कठड्याला टेकून उभी राहिले आणि मग ध्यानात आले, की यांचा आकडा आपण घेतला तो असाच, शिडी चढल्या-चढल्या.

खाली येऊन यांना ओटीवर स्वस्थ बसवले, बोलू दिले नाही आणि थोड्या वेळाने मोजले. आकडा बराच खाली होता.

"यंत्र बिघडलं असेल," हे म्हणाले.

"की त्या दिवशी तुम्ही चढून आला होतात म्हणून?"

"तू कधीपासून डॉक्टर झालीस? जन्मभर शिकवलास तो भूगोल."

"उंचीचा परिणाम भूगोलातच येतो."

हे हसले, पण संध्याकाळची गोळी द्यायची की नाही, ते हसण्याने ठरत नव्हते. न देणे माझ्या अधिकारात नव्हते आणि देणे माझ्याने होत नव्हते. विचारायचे तर बोलायचे मलाच. यांच्या मते ते सारे उगाच होते. वर्गापुढे आयुष्य गेले, तरी अनोळखी माणसाशी बोलायला मी कचरते. आपण चूक काढतो आहोत असे बाईंना वाटू नये, म्हणून एक वाक्य दिवसभर मनात बांधत आणि मोडत राहिले. ऊन उतरू लागल्यावरची भेट मिळाली, तशी एकटीच वर गेले.

बाई पडद्यावर दिसल्या आणि ते वाक्य कुठल्या कुठे गेले.

"आम्ही शिडी चढलो होतो," एवढेच तोंडून निघाले.

"कुठली शिडी, काकू?"

मी फोन फिरवून ती दाखवली. मग घेरी सांगितली, ओटीवरचा आकडा सांगितला. त्यांनी तो लिहून घेतला.

"मोजण्याआधी काका शांत बसले होते का, हे मीच विचारायला हवं होतं. आजपासून आधीचीच मात्रा द्या. आठवडाभर बसवून मोजा, आकडे कळवा, मग पाहू. पुन्हा गरगरलं तर लगेच सांगा."

खालून हाक आली, "काय म्हणाल्या गं?" आणि शिडीची पहिली पायरी वाजली.

"अहो, चढू नका," मी म्हणाले. "बसा तिथेच. मी येते खाली."